रक्तवाहिनीचे अस्तर आणि धूर

सिगारेट म्हटले की आपल्याला फुप्फुस आठवते. मी वैद्यकाचा पदवीधर नाही, पण गेली काही वर्षे या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे. धुराचा हिशेब फुप्फुसापाशी संपत नाही, हे त्या वाचनातून ध्यानात आले.

रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. १९८० साली अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलीनने पट्टी सैलावे; अस्तर घासून काढले की सैलावत नसे. अस्तराकडून येणारा हा निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९९८चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना मिळाले. हा वायू रक्तवाहिनी सैल ठेवतो आणि प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही.

धुरातील मुक्त मूलके नेमका हाच वायू निकामी करतात. दुसरीकडे प्लेटलेट चटकन चिकटू लागतात आणि गुठळीचा सांगाडा ज्यापासून बनतो ते फायब्रिनोजेन रक्तात वाढते. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला धरून बसतो. प्राणवायूची तूट भरायला शरीर तांबड्या पेशी वाढवते, त्याने रक्त दाट होते. वाहिनी आखडलेली, रक्त दाट आणि प्लेटलेट चिकट, असे तिन्ही एकत्र आले की हृदयविकाराचा झटका दूर नसतो.

‘मी दिवसाला एकच ओढतो’ हे समर्थन इथे टिकत नाही. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. वीस सिगारेटींनी हृदयरोगाचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळपास निम्मा वाटा रोजच्या एकाच सिगारेटीने पुरुषांच्या पदरी पडतो. स्त्रियांत तो सुमारे एकतृतीयांश. विसावा भाग नव्हे!

बिडीलाही सूट नाही. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली वर्णिलेल्या विकारात हातापायांच्या वाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात, बोटे काळी पडतात, कधी पाय कापावा लागतो. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या तरुण कष्टकऱ्यांत तो आढळतो. तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्यावरचा खरा इलाज.

सोडण्याचा लाभही लवकर दिसतो. वर्षभरात हृदयरोगाचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो. अस्तर सोशिक असते. त्याला सावरायला अवधी मात्र द्यावा लागतो.