इस्त्री फिरली की कळतं

दोरीवरून काढलेला कोरडा टी-शर्ट नाकाशी धरला तर साबणाचा वास येतो आणि आपण घडी घालून मोकळे होतो. पण त्याच टी-शर्टच्या मुंढ्यावरून, काखेतल्या शिवणीवरून, एकदा गरम इस्त्री फिरवून बघावी. कापड तापलं की आतून घामाचा उग्र दर्प वर येतो. शिळ्या चिरलेल्या कांद्यासारखा, घशाला लागणारा. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी इस्त्रीचं टेबल लावणारे काका असे कपडे गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवतात आणि शेवटी हातात घेतात. त्यांचं म्हणणं असं की त्या वाफेचा वास टेबलावर अंथरलेल्या चादरीला लागतो आणि मग दुसऱ्याच्या कपड्यांना. "ताई, हा धुवायचा राहिला वाटतं," असं ते संकोचून विचारतात. कपडा धुतलेला असतो. त्यातला वास मात्र धुतला गेलेला नसतो.

इस्त्री जे करते तेच थोड्या सावकाशीने आपलं अंग करतं. सकाळी अंगात घातलेला स्वच्छ शर्ट लोकलच्या गर्दीत पंधरा-वीस मिनिटांत वासायला लागतो. लोक म्हणतात, मला घामच फार येतो. पुष्कळदा तो वास आजच्या घामाचा नसतोच. मागच्या आठवड्यातला, मागच्या महिन्यातला ऐवज कापडात बसून राहिलेला असतो, अंगाच्या उबेने आणि ओलाव्याने तो सुटतो, इतकंच.

मी या गोष्टीकडे बारकाईने बघायला लागले ते मुलीच्या जर्सीमुळे. ती कबड्डी खेळते. ठाण्याची हवा, त्यात ऑक्टोबर, त्यात बंदिस्त हॉलमधली मॅट. सराव संपला की पिळून निघालेली जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, आणि सॅक घरी आल्यावरही तासभर कोपऱ्यात. तिच्या कबड्डी मंडळातल्या सगळ्याच मुलींच्या आया या वासाने कावलेल्या. प्रत्येकीचा उपाय वेगळा आणि बहुतेकींचा मुद्दा एकच: पावडर जास्त घालते, तरी जात नाही.

मुळात घामाला वास नसतो. अंगभर ग्रंथी असतात त्यांचा घाम म्हणजे जवळजवळ खारट पाणी. काखेतल्या ग्रंथी वेगळ्या, त्यांचा स्राव थोडा दाट असतो, पण तोही बाहेर येतो तेव्हा बिनवासाचा असतो. तिथे राहणारे जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांना वास असतो. त्यातला कांद्यासारखा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा. २०२० साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी काखेतल्या 'स्टॅफिलोकोकस होमिनिस' या जिवाणूतलं असं संयुग तयार करणारं विकर (एन्झाइम) नेमकं कसं काम करतं, ते दाखवून दिलं. या संयुगांची खोड अशी की ती कणभर असली तरी नाकाला पुरतात. म्हणून नव्वद टक्के धुतलेला कपडासुद्धा न धुतल्यासारखाच वाटतो.

आता कापड. सुती कापड हवेतलं पाणी आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. खेळाच्या कपड्यांना पॉलिएस्टर वापरतात ते यासाठीच, अंगावर ओलं-जड होत नाही. पण पाण्याशी फटकून वागणारा हा धागा तेलाला मात्र घट्ट धरतो. अंगाचं तेल, घामातली आम्लं, ती गंधकाची संयुगं, सगळं त्याला चिकटतं आणि साध्या पाण्याने सुटत नाही. सुती बनियन दोनदा खळबळली की मोकळी होते, पॉलिएस्टर होत नाही. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठात २०१४ साली याची रीतसर पाहणी झाली. २६ जणांना जागच्या जागी चालवायच्या सायकलींवर दमवून त्यांचे टी-शर्ट बंद पिशव्यांत २८ तास ठेवले आणि मग त्यांचा वास जोखला. पॉलिएस्टरचे कपडे जास्त वासत होते आणि 'मायक्रोकोकस' जातीचे जिवाणू त्यांच्यावर वाढलेले सापडले, सुती कापडावर ते तसे वाढले नव्हते. बंद पिशवी आणि २८ तास हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली सॅकच डोळ्यांपुढे आली.

एवढं कळलं की पावडर वाढवून काही का होत नाही ते उघड होतं. मशिनच्या अर्ध्या तासाच्या झटपट धुण्यात कपडा पावडरच्या पाण्यात जेमतेम दहा-बारा मिनिटं असतो. धूळ निघायला तेवढं पुरतं. धाग्याला धरून बसलेलं तेल सुटायला वेळ लागतो, आणि वेळच आपण काढून टाकला आहे. जास्तीची पावडर नीट निघत नाही, ती कापडात राहते आणि तिच्यावर नवा मळ बसतो. बोअरच्या जड पाण्यात तर हे आणखी होतं. त्यावर कडी म्हणजे कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रव. ते धाग्यावर चिकट थर बसवतं, खालचा वास त्याच्याखाली कोंडला जातो आणि पुढच्या वेळी पाणी आत शिरायला आणखी नाखूश. खेळाच्या कपड्यांना ते लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी घरोघरी धुणं रात्री भिजत पडायचं. सकाळी न्हाणीघरात बादली तयार असायची. या वासावर आजही तेच चालतं, फक्त पाण्यात काय घालायचं आणि कोणत्या क्रमाने, हे समजून घ्यावं लागतं.

जर्सी आधी उलटी करायची. मळ आतल्या बाजूला असतो आणि आपण बाहेरची बाजू घासत बसतो. नळाखाली साध्या पाण्याने मुंढे, गळा आणि पाठीचा वरचा भाग चोळून मीठ काढून टाकायचं. मग बादलीत कोमट पाणी, हात सहज बुडवून ठेवता येईल इतपत. त्यात विकरं असलेली पावडर, पाकिटावर 'एन्झाइम' लिहिलेलं असतं ती. ही विकरं घामातली प्रथिनं आणि तेल तोडतात. कडकडीत पाण्यात ती निकामी होतात, म्हणून सुरुवात कोमट पाण्यानेच. जोडीला दहा लिटरच्या बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. किराणा दुकानात सुटा मिळतो, स्वस्त असतो. खाण्याचा सोडा इथे फारसं काम करत नाही, त्याचा अल्कधर्मी जोर कमी. धुण्याच्या सोड्याने घामातली आम्लं पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांत बदलतात, म्हणजे कापड सोडून पाण्यात येतात. हात घातला की पाणी बुळबुळीत लागतं. हातमोजे घालावेत, सोडा त्वचा कोरडी करतो.

जर्सी पाण्यावर तरंगायला बघते. जाळीदार कापडात हवा अडकते आणि काखेचा भागच नेमका वर फुगतो. तो दाबून, पिळून आतली हवा काढायची आणि वर एखादं ताट पालथं घालायचं. मग रात्रभर त्याला हात लावायचा नाही.

सकाळी बादलीजवळ गेलं की पहिलं काम वाकून वास घेण्याचं. पाणी वासत असेल तर ते शुभलक्षण समजावं. जे कापडात होतं ते पाण्यात आलं. दिसायला पाणी राखाडी झालेलं असतं, बादलीच्या कडेला पाण्याच्या रेषेवर बोट फिरवलं तर ओशट लागतं. महिनोन्‌महिने मशिनमधून 'स्वच्छ' होऊन निघालेल्या जर्सीतून हे निघतं. मुंढ्याचं कापड दोन बोटांत धरून चोळलं की रात्रीपेक्षा मऊ लागतं. मग नेहमीसारखं धुवायचं, पाणी मात्र एकदा जास्त काढायचं.

ज्या जर्सी तरीही ऐकत नाहीत त्यांना दुसरी पायरी: सोडियम परकार्बोनेट. बाजारात डाग घालवणारी 'ऑक्सिजन' पावडर मिळते तिच्यात मुख्यतः हेच असतं. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि ते वासाच्या संयुगांना जाळतं. थंड पाण्यात ते सुस्त असतं, चाळीस ते साठ अंश तापमान त्याला मानवतं. लायक्रा मिसळलेलं कापड असेल तर चाळीसच्या वर जाऊ नये. काखेच्या भागावर बारीक बुडबुडे चिकटून राहतात, बाकीच्या कापडावर तेवढे दिसत नाहीत. मळ कुठे आहे ते पाणीच दाखवून देतं. पाच-सहा तासांत त्याचा जोर संपतो, पुढे भिजत ठेवण्यात अर्थ नाही. क्लोरीनचं ब्लीच मात्र वापरू नये, पॉलिएस्टर पिवळं पडतं आणि लायक्रा मरतो.

काही शर्टांच्या काखेत कडक, पुठ्ठ्यागत पापुद्रा असतो. तो नुसत्या घामाचा नसतो. घाम थांबवणाऱ्या डिओडरंटमधलं अॅल्युमिनियम, घाम आणि साबण मिळून तो थर तयार होतो आणि वास त्याच्या आत राहतो. त्याला सोडा चालत नाही, आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी त्या जागी ओतायचं, अर्धा तास ठेवून जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि मगच सोड्याच्या बादलीकडे जायचं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायची जी पद्धत पडली आहे ती फुकट जाते. फेस जोरात येतो, बघायला बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना निकामी करून टाकतात. आणि व्हिनेगर क्लोरीनच्या ब्लीचजवळ चुकूनही नेऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

परीट मंडळी पांढऱ्या कपड्यांना भट्टी लावत, ती सोड्यात भिजत ठेवण्याच्या याच तत्त्वावर. सोड्याचं पाणी, आच, भरपूर वेळ, आणि मग दगडावर आपटणं. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर, जो १८९० सालापासून उभा आहे, टाक्यांत हेच काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. सुती धोतर-सदऱ्याला ती भट्टी सोसायची. टेरिकॉट घरात आलं, सुरकुत्या गेल्या, इस्त्री कमी झाली आणि भट्टीही गेली. वास पक्का बसायला लागला तो तेव्हापासून.

एवढं करून वाळवताना चूक झाली तर सगळं पाण्यात. पावसाळ्यात घरात दोन दिवस दमट राहिलेल्या कपड्यांना येतो तो कुबट वास वेगळा. 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस' नावाच्या जिवाणूचा तो उद्योग आहे, जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली तो ओळखून काढला. वाळलेल्या कपड्यातही हा जिवाणू तग धरतो आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. त्याच्यावर एकच इलाज, लवकर वाळवणं. दोन कपड्यांत वीतभर अंतर, बाह्या पसरलेल्या, काखा उघड्या, खाली पंखा. ऊन असेल तर उलट्या बाजूने उन्हात. आणि मशिनच्या दाराच्या रबराची घडी उलगडून बघावी. तिथे काळपट गाळ साचलेला असतो, तो प्रत्येक धुण्याला थोडा थोडा वास वाटत राहतो. घडी पुसून काढायची, अधूनमधून रिकामं मशिन गरम पाण्यावर फिरवायचं आणि धुणं नसताना दार उघडं ठेवायचं.

रेशमी ब्लाऊजला यातलं काहीही लावू नये. रेशीम मुळात प्रथिनच, विकरं त्यालाच खातात आणि सोडा त्याची चमक घालवतो. लग्नाच्या पैठणीवरचा ब्लाऊज अंगातून काढल्या काढल्या उलटा करून सावलीत वाऱ्यावर टाकायचा, कपाटात तर लगेच ठेवायचाच नाही. शिवतानाच सुती अस्तर आणि काखेत काढता येणारे सुती पॅड लावून घेतले तर घाम तिथेच अडतो. आमच्या ओळखीच्या शिंपीणबाई पॅड टाके न घालता हुकांवर बसवून देतात, ते काढून रोजच्या धुण्यात जातात.

आणि काही जर्सी हरतात. पाठीवर नंबर छापलेला असतो त्या रबरी छपाईच्या कडेने वास बसला की तो कशानेच पूर्ण निघत नाही. मोठ्या, जाड आकड्यांच्या जर्सीत हे जास्त. या वर्षी मंडळाच्या नव्या जर्सीची मापं घेताना आम्ही काही पालकांनी दोन गोष्टी मागितल्या: आकडे छापायच्या ऐवजी कापडातच विणलेले किंवा शाईने रंगवलेले, आणि सरावासाठी सुती टी-शर्ट. दुसऱ्या मागणीला मुलींनी साफ नकार दिला. सुती कापड भिजलं की जड होतं आणि पकडीत सापडतं, असं त्यांचं म्हणणं, आणि चढाई करणाऱ्या मुलीला ते म्हणायचा पूर्ण हक्क आहे. शेवटी तडजोड झाली. व्यायाम आणि धावण्याच्या दिवशी सुती, मॅटवर उतरायच्या दिवशी पॉलिएस्टर. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र सगळ्यांनी बंद केल्या. आता हॉलच्या जिन्याच्या कठड्यावर सराव संपल्यावर जर्सी वाळत पडलेल्या असतात, मुली कोरडे कपडे घालून तिथेच गप्पा मारत बसतात आणि अर्धवट सुकलेल्या जर्सी जाळीच्या पिशवीत घालून घरी आणतात. आल्या आल्या बादली.