टाकळ्याच्या बियांची कॉफी : ओळख, उपयोग व दक्षता

पहिले पाऊस झाले की खेड, मावळ व हवेली तालुक्यांतील बांध, गायराने व पडीक जागा टाकळ्याने भरून जातात. पुष्कळ शेतकरी त्यास केवळ तण समजतात. परंतु त्याचा कोवळा पाला भाजीस उपयोगी पडतो व भाजलेल्या बियांपासून कॉफीसारखे पेय तयार होते. चीन, कोरिया व जपान या देशांत टाकळ्याच्या जातीच्या भाजलेल्या बियांचे पेय पूर्वापार घेतले जाते. या पेयात कॉफीतील कॅफीन हे उत्तेजक द्रव्य नसते. मात्र बी गोळा करताना योग्य वनस्पती व योग्य जागा या दोहोंची खात्री करून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

वनस्पतीची ओळख

टाकळ्याच्या प्रत्येक पानास बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिकांची टोके गोलसर असून त्या रात्री मिटतात. फुले पिवळी असतात. शेंग बारीक, लांब व विळ्यासारखी वाकलेली असते. बी तपकिरी, चकचकीत व लहानशा शंकरपाळ्याच्या आकाराचे असते.

याच जागी कासविंदाही उगवतो. त्यास काही ठिकाणी रानटाकळा म्हणतात, व त्यामुळेच घोटाळा होतो. त्याच्या पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असून टोके अणकुचीदार असतात. शेंग चपटी, रुंद व फिकट काठाची असते. बी चपटे व गोलसर असते. कासविंद्याचे बी विषारी आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनौर जिल्ह्यात, लहान मुलांना होणाऱ्या एका प्राणघातक आजाराचे कारण या बिया खाणे हेच असल्याचे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. म्हणून शंका येईल ते बी टाकून द्यावे, व मुलांना कोणत्याही रानटी शेंगा खाऊ देऊ नयेत.

जागेची निवड

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी तसेच पिंपरी-चिंचवड या भागांत शेते, कारखाने व वाहतुकीचे रस्ते एकमेकांस लागून आहेत. कारखान्यांच्या सांडपाण्याचे नाले, कचऱ्याचे ढीग व रहदारीचे रस्ते यांच्या कडेचा टाकळा खाण्यास घेऊ नये. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू झाडे जमिनीतून शोषून घेतात. धुण्याने पानावरील धूळ जाते, पण आत शोषलेला धातू जात नाही. स्वतःच्या शेतातील, तणनाशक न फवारलेल्या बांधावरचाच टाकळा घ्यावा.

पेय तयार करण्याची रीत

1. पावसाळ्यानंतर शेंगा तपकिरी झाल्या, पण तडकल्या नाहीत, अशा वेळी सकाळी झाडे कापावीत.
2. खळ्यावर वाळवून झोडपावे, उफणावे व बी निवडून घ्यावे.
3. लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवीत, बी तडतडून गडद तपकिरी होईपर्यंत भाजावे. करपू देऊ नये.
4. थंड झाल्यावर दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.
5. एक कप पाण्यास एक लहान चमचा पूड घालून उकळावे व गाळावे. आवडीप्रमाणे दूध व गूळ घालावा.

टाकळ्याचे बी रेचक आहे. भाजल्याने हा गुण कमी होतो, तरी पेय माफक प्रमाणातच घ्यावे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ते देऊ नये. कच्चे बी जनावरांच्या अथवा कोंबड्यांच्या खाद्यात मिसळू नये. ही पूड कॉफीत मिसळून कॉफी म्हणून विकणे ही भेसळ होय.

इतर उपयोग

फुलावर येण्यापूर्वीचा कोवळा पाला कांदा, लसूण व डाळ घालून भाजीस वापरतात. बियांपासून काढलेला डिंक पदार्थ दाट करण्यासाठी उद्योगांत वापरला जातो. फुलापूर्वी कापलेला टाकळा कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येतो; परंतु शेंग धरीत असला तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

गाजरगवताची नोंद पुण्यात 1950 च्या दशकात झाली व पुढे ते देशभर पसरले. ते माजलेल्या पडीक जागेत पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी फेकल्यास टाकळा दाट वाढून गाजरगवतास दाबतो. पिकाच्या शेतात मात्र टाकळ्याचे बी पडू देऊ नये. ते टणक असल्याने जमिनीत अनेक वर्षे टिकते. शेंगा वेळीच काढल्यास पेयासाठी बी मिळते आणि पुढील हंगामातील खुरपणीही कमी होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीच्या वेळी टाकळा व कासविंदा यांची शेंगांसह एकेक डहाळी शेजारी शेजारी धरून शेतकरी बंधुभगिनींस फरक प्रत्यक्ष दाखवावा. ही ओळख पटल्यावाचून बी गोळा करण्यास कोणी आरंभ करू नये.