शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि तिच्या उपचाराचे शिक्षण

१८४६ साली बोस्टन येथे ईथरची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना टाळता येते हे जगाने पाहिले. परंतु भूल उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जी तीव्र वेदना होते, तिची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे अनिर्णित राहिला. शल्यचिकित्सकाचे लक्ष जखमेवर, भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहापुरते आणि परिचारिकेच्या हाती ‘गरज पडल्यास इंजेक्शन द्यावे’ एवढीच सूचना, अशी कामाची वाटणी बहुतेक रुग्णालयांत रूढ होती. १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन रेडी यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी भूलतज्ज्ञांचे स्वतंत्र पथक उभे केले, आणि पुढे स्वीडनमधील एरेब्रो येथे नरिंदर रावल यांनी प्रशिक्षित परिचारिका केंद्रस्थानी ठेवून हीच व्यवस्था कमी खर्चात चालवता येते हे दाखवून दिले. या दोन्ही प्रयत्नांतून स्पष्ट झालेली गोष्ट अशी की, वेदना शमवणारी औषधे हाताशी असूनही रुग्ण कण्हत राहतो, कारण उणीव बहुधा औषधांची नसून ती योग्य वेळी, योग्य प्रमाणात आणि सुरक्षितपणे वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसांची असते.

शस्त्रक्रिया म्हटली की दुखणारच, ही समजूत समाजात आणि वैद्यकातही खोलवर रुजलेली असली, तरी अशी वेदना सोसण्यात रुग्णाचे हित मुळीच नाही. पोटाच्या वरच्या भागाला किंवा छातीला छेद दिलेला रुग्ण दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही आणि खोकत नाही, त्यामुळे कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. तो अंथरुणात पडून राहिला तर पायांच्या नसांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि वेदनेने उसळलेल्या संप्रेरकांमुळे आधीच दुबळ्या असलेल्या हृदयावर ताण येतो. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली घेतलेल्या आढाव्यानुसार, हर्निया, स्तन, छाती यांसारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर १० ते ५० टक्के रुग्णांत वेदना दीर्घकाळ टिकते, आणि पहिल्या काही दिवसांतील तीव्र वेदना हा त्यामागील एक महत्त्वाचा धोक्याचा घटक मानला जातो.

प्रगत प्रशिक्षणाची सुरुवात वेदना ओळखण्यापासून आणि मोजण्यापासून होते. शून्य ते दहा या मापावर वेदनेला किती गुण द्याल, हा प्रश्न सोपा वाटतो. पण निश्चल पडलेल्या रुग्णाने दिलेला आकडा आणि त्याच रुग्णाने खोकताना किंवा कुशीवर वळताना दिलेला आकडा यांत मोठे अंतर असते, आणि उपचाराची दिशा या दुसऱ्या आकड्यावरून ठरवावी लागते. ठणकणाऱ्या जखमेचे दुखणे आणि आग होणे, चमक मारणे, मुंग्या येणे अशा तक्रारींतून सूचित होणारी मज्जातंतूंच्या इजेची वेदना यांना वेगवेगळी औषधे लागत असल्याने, रुग्ण वेदनेचे वर्णन कसे करतो हेही ऐकावे लागते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या बाबतीत चेहरा, पायांची हालचाल आणि रडणे यांवरून अंदाज बांधावा लागतो. नवजात बालकांना वेदनेची खरी जाणीव नसते असे मानून एके काळी त्यांच्यावर अत्यल्प वेदनाशामक देऊन शस्त्रक्रिया केल्या जात; के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेंटॅनिल मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांमध्ये शरीरावरील ताण आणि गुंतागुंत कमी आढळली आणि त्या समजुतीचा पाया ढासळला.

उपचाराचा गाभा म्हणजे बहुविध वेदनाशमन. जखमेपासून निघालेला संदेश मज्जातंतूंतून मज्जारज्जूत आणि तेथून मेंदूत पोहोचतो. या वाटेवरील निरनिराळ्या टप्प्यांवर काम करणारी औषधे एकत्र वापरल्यास प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते आणि दुष्परिणामही घटतात. पॅरासिटामॉल व डायक्लोफेनॅकसारखी सूज कमी करणारी औषधे नियमित वेळेने द्यायची, शक्य तेथे त्या भागापुरती बधिरता आणायची आणि मॉर्फिनसारखी अफूवर्गीय औषधे उरलेल्या वेदनेसाठी राखून ठेवायची, असा हा क्रम आहे. मात्र मूत्रपिंडे दुबळी असलेल्या रुग्णाला डायक्लोफेनॅक घातक ठरू शकते आणि मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे क्रियाशील घटक त्याच रुग्णात साचून राहतात, म्हणून एकच ठरीव चिठ्ठी सर्वांना चालत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर मज्जातंतू किंवा स्नायूंमधील पापुद्रा पाहून तेथे बधिरतेचे औषध सोडण्याच्या तंत्राने या क्षेत्रात मोठी भर घातली असून, पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूखाली औषध सोडण्याची २०१६ साली प्रथम वर्णिलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. परंतु हेच औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊन हृदय बंद पडू शकते. म्हणून सुई चालवण्याच्या कौशल्याबरोबरच, अशा वेळी शिरेतून द्यावयाच्या २० टक्के मेदद्रावणाचा वापर हाही शिक्षणाचा अनिवार्य भाग असतो.

अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत भीती आणि बेफिकिरी ही दोन्ही टोके अपायकारक ठरली आहेत. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला नाडी आणि रक्तदाबाच्या पंक्तीत बसवण्याची मोहीम निघाली. तिचा हेतू चांगला होता, पण केवळ आकडा खाली आणण्यासाठी औषध वाढवण्याची सवय लागली, आणि औषध कंपन्यांच्या आक्रमक विक्रीसह इतर कारणांची भर पडून व्यसनाचे भीषण संकट उभे राहिले. भारतात याउलट, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदींमुळे मॉर्फिन अनेक रुग्णालयांपर्यंत पोहोचतच नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी औषध आले म्हणजे ते वापरण्याची जाणही आली असे होत नाही. मॉर्फिन जास्त झाल्याने श्वास मंदावण्यापूर्वी रुग्ण बहुधा अधिकाधिक झोपाळू होत जातो, आणि प्राणवायू चालू असताना बोटावरच्या यंत्रातील रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बराच वेळ चांगला दिसू शकतो, हे ज्या परिचारिकेला शिकवलेले असते ती धोका वेळेत ओळखते.

त्याहूनही सूक्ष्म शिक्षण म्हणजे वेदना केव्हा केवळ दाबून टाकू नये हे कळणे. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आटोक्यात असलेले दुखणे एकाएकी वाढले तर टाक्यांतून गळती झाली असण्याची शक्यता असते. मोडलेल्या पायाची वेदना अपेक्षेबाहेर वाढत गेली तर स्नायूंमधील दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी आधी रुग्णाला तपासावे लागते.

हे सारे व्याख्यानांतून पुरेसे शिकता येत नाही. त्यासाठी बनावट प्रसंगांचा सराव, अनुभवी चिकित्सकाच्या देखरेखीखाली केलेले काम आणि शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांचे एकत्र शिक्षण आवश्यक असते. त्यासाठी मोठीच साधने लागतात असेही नाही. २०१० साली पापुआ न्यू गिनीमध्ये सुरू झालेला एका दिवसाचा मूलभूत अभ्यासक्रम वेदना ओळखणे, तिचे मोजमाप करणे आणि उपचार करणे या तीन पायऱ्यांवर आधारलेला असून, स्थानिक शिक्षक तयार करून तो अनेक देशांत पसरला आहे. महाराष्ट्रातील तालुक्याच्या ठिकाणी, जेथे बाहेरून आलेला भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया आटोपल्यावर पुढच्या रुग्णालयाकडे निघून जातो, तेथे रात्रभर रुग्णाजवळ असणारी परिचारिका हीच खरी वेदनाचिकित्सक ठरते. तिला मोजमापाचे ज्ञान, लेखी कार्यपद्धती, ठरलेल्या मर्यादेत औषध देण्याचा अधिकार आणि अडचणीच्या वेळी फोनवर मिळणारा तज्ज्ञाचा सल्ला या चार गोष्टी मिळाल्या, तर वेदनाशमन मोठ्या शहरांतील महागड्या रुग्णालयांपुरते मर्यादित राहणार नाही. आणि शस्त्रक्रियेची संमती घेताना रुग्णाला ज्याप्रमाणे धोके सांगितले जातात, त्याचप्रमाणे त्याच्या वेदनेवर कोण आणि कसा उपचार करणार हेही सांगणे प्रत्येक रुग्णालयाला शक्य होईल.