घरगुती राऊटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग आणि ऑनलाईन बहुखेळाडू खेळ : लवासाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, मोसे नदीवरील वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी वसलेले लवासा हे एका खासगी कंपनीने उभारलेले नियोजित गिरिनगर आहे. या नगराच्या आराखड्यात रस्ते, पाणी व वीज यांच्याबरोबरच माहिती तंत्रज्ञानाचे जाळे ही पायाभूत सुविधा मानली गेली होती आणि त्यासाठी विप्रो व सिस्को या कंपन्यांचे सहकार्य घेण्यात आले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबविण्याचा आदेश दिला, तर ऑगस्ट २०१८ मध्ये संबंधित कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. आराखड्यातील शहर आणि प्रत्यक्षातील शहर यांत त्यामुळे मोठे अंतर राहिले. तरीही येथे रहिवासी आहेत आणि ख्राइस्ट विद्यापीठाच्या केंद्रामुळे विद्यार्थीवर्गही आहे. डोंगरात राहणाऱ्या तरुणांना दूरच्या मित्रांशी जोडणारे एक साधन म्हणजे ऑनलाईन बहुखेळाडू खेळ होय.

या खेळांत वारंवार उद्भवणारी अडचण अशी की, घरच्या संगणकावर खेळाचा सर्व्हर सुरू केल्यास शेजारच्या खोलीतील भावंडास त्यात प्रवेश मिळतो; पुण्यातील मित्रास मात्र मिळत नाही. उपाय म्हणून 'पोर्ट फॉरवर्डिंग' करावे असे सुचविले जाते. परंतु कारण न समजता केलेला हा उपाय अनेकदा फसतो व प्रसंगी घराची सुरक्षितताही धोक्यात येते. प्रस्तुत लेखात या अडचणीची कारणमीमांसा, दोष शोधण्याचा योग्य क्रम आणि पर्यायी मार्ग यांचे विवेचन केले आहे.

समस्येचे मूळ : पत्त्यांची टंचाई

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास आयपी पत्ता आवश्यक असतो. आयपीव्ही४ या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ही संख्या अपुरी पडणार हे १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच स्पष्ट झाले होते. त्यावरील तोडगा म्हणून मे १९९४ मध्ये 'नॅट', म्हणजे पत्ता-रूपांतरण, ही पद्धती मांडण्यात आली. तर फेब्रुवारी १९९६ मध्ये केवळ अंतर्गत वापरासाठीचे खासगी पत्ते निश्चित झाले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे त्यांपैकीच होत.

पुण्यातील जुन्या वाड्याच्या उदाहरणाने ही रचना स्पष्ट होते. वाड्याचा पत्ता एकच, आत मात्र अनेक बिऱ्हाडे. एखाद्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र पाठविले की दारावरचा माणूस वहीत नोंद करतो आणि उत्तर आल्यावर ते योग्य खोलीत पोहोचवितो. परंतु ज्या पत्राची वहीत पूर्वनोंद नाही, ते कोणाला द्यावयाचे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो ते परत लावतो. राऊटर हेच करतो. संकेतस्थळ पाहताना विनंती आतून बाहेर जाते, म्हणून अडचण येत नाही. खेळाच्या सर्व्हरकडे मात्र विनंती बाहेरून आत येते आणि तिची पूर्वनोंद नसते. अमुक क्रमांकाच्या पोर्टवर येणारे टपाल अमुक खोलीत द्यावे, अशी कायमची सूचना दारावर लिहून ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग होय.

वाड्यावरचा वाडा : सामायिक पत्ता

जागतिक पातळीवरील आयपीव्ही४ पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्यानंतर अनेक सेवादात्यांनी एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटण्याची पद्धत स्वीकारली. यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा स्वतंत्र पत्तासमूह राखून ठेवण्यात आला. या व्यवस्थेस 'कॅरिअर-ग्रेड नॅट' म्हणतात. येथे वाड्याच्या दाराबाहेर संपूर्ण पेठेला आणखी एक वेस असते आणि त्या वेशीवरील वही सेवादात्याच्या हाती असते. ग्राहकाने आपल्या दारावर कितीही सूचना लिहिल्या, तरी टपाल वेशीवरूनच परत जाते.

लवासासारख्या नियोजित वसाहतींत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. इमारतीने वा वसतिगृहाने एकच जोडणी घेऊन ती सर्व खोल्यांत वाटली असेल, तर खोलीतील राऊटर हा दुसऱ्या वा तिसऱ्या दारावरचा ठरतो. ज्या दारावर रहिवाशाची सत्ता नाही, तेथील दोष त्याला स्वतःला दूर करता येत नाही.

दोष शोधण्याचा क्रम

पहिला प्रश्न खेळाच्या स्वरूपाचा आहे. 'व्हॅलोरंट' किंवा २०२१ मध्ये भारतात आलेला 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' यांसारखे खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. तेथे पोर्ट फॉरवर्डिंगची गरज सहसा नसते. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीचा सर्व्हर घरी चालविणे, किंवा ज्या खेळांत एका खेळाडूचेच यंत्र यजमान बनते, तेथे ती भासते. पोर्ट फॉरवर्डिंगने जोडणीचा वेग वाढतो हा समजही चुकीचा आहे. त्यामुळे दार उघडते, रस्ता रुंद होत नाही.

दुसरी पायरी निर्णायक आहे. राऊटरच्या स्थितिदर्शक पृष्ठावरील बाहेरील बाजूचा पत्ता आणि सार्वजनिक पत्ता दाखविणाऱ्या संकेतस्थळावरील आयपीव्ही४ पत्ता यांची तुलना करावी. दोन्ही समान असल्यास पुढे जावे. राऊटरवरील पत्ता १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होत असल्यास वर आणखी एक नॅट आहे. असा दुसरा राऊटर घरातच, म्हणजे सेवादात्याच्या फायबर यंत्रात असल्यास त्या यंत्रास 'ब्रिज' स्थितीत ठेवण्याची विनंती करता येते. पत्ता १००.६४ ते १००.१२७ या कक्षेत असल्यास कॅरिअर-ग्रेड नॅट आहे असे समजावे; अशा वेळी घरातील राऊटरवर तासन्तास खटपट करणे व्यर्थ आहे.

तिसरी पायरी संगणकाच्या अंतर्गत पत्त्याची. राऊटर हे पत्ते ठराविक मुदतीसाठी वाटतो. पावसाळ्यात वीज जाऊन राऊटर पुन्हा सुरू झाला की काल १९२.१६८.१.१० असलेला संगणक आज १९२.१६८.१.१४ होऊ शकतो आणि सूचना रिकाम्या खोलीकडे बोट दाखवीत राहते. 'काल चालत होते, आज बंद पडले' या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. राऊटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

चौथी पायरी पोर्ट व वाहतुकीचा प्रकार तपासण्याची. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती २५५६५ क्रमांकाचे टीसीपी पोर्ट वापरते. एक्सबॉक्सच्या सेवेसाठी ३०७४ क्रमांकाचे पोर्ट महत्त्वाचे असते. टीसीपीऐवजी यूडीपी निवडले गेल्यास नियम अचूक दिसूनही निरुपयोगी ठरतो. एकाच पोर्टची सूचना एकाच यंत्राला देता येते, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलची. राऊटरने आत सोडलेली विनंती संगणकाने नाकारणे ही सर्वसामान्य बाब आहे. संपूर्ण फायरवॉल बंद न करता केवळ त्या खेळास अनुमती द्यावी.

अखेरची पायरी चाचणीची. ती घराबाहेरील जाळ्यावरून, उदाहरणार्थ मोबाईलच्या डेटावरून, आणि सर्व्हर प्रत्यक्ष चालू असतानाच करावी. ऐकणारे कोणी नसेल तर उघडे पोर्टही बंद भासते. घरातूनच आपल्या सार्वजनिक पत्त्यावर जाण्याचा मार्ग अनेक राऊटर देत नाहीत. त्यामुळे आतून केलेली चाचणी दिशाभूल करू शकते.

सुरक्षिततेचा विचार

उपाय सापडत नाही म्हणून एखादे यंत्र 'डीएमझेड'मध्ये टाकणे, म्हणजे सर्व पोर्ट त्याच्याकडे वळविणे, हा प्रकार आढळतो. टाळे उघडत नाही म्हणून दरवाजाच काढून टाकण्यासारखे हे आहे. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राऊटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, हे या संदर्भात स्मरणात ठेवणे आवश्यक आहे. 'यूपीएनपी' या सोयीमुळे खेळ स्वतःच पोर्ट उघडून घेतो. परंतु घरातील अन्य कोणतीही प्रणाली तेच करू शकते. म्हणून आवश्यक तेवढेच पोर्ट उघडावे, राऊटरचा पासवर्ड बदलावा, त्याची प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि खेळ संपल्यावर नियम काढून टाकावा.

पर्यायी मार्ग

कॅरिअर-ग्रेड नॅटमागील ग्राहकासमोर चार मार्ग उरतात. सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे हा पहिला. त्यासाठी बहुधा अतिरिक्त शुल्क पडते. दुसरा मार्ग मित्रमंडळींचे आभासी खासगी जाळे उभारण्याचा. त्यात दोन्ही बाजूंच्या विनंत्या आतून बाहेर जात असल्याने वेशीवर अडत नाहीत. तिसरा, भाड्याच्या सर्व्हरवर खेळ चालविण्याचा. चौथा व दूरगामी मार्ग आयपीव्ही६ चा. यात पत्ता १२८ बिटांचा असल्याने प्रत्येक यंत्रास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देता येतो व नॅटचे प्रयोजनच उरत नाही. राऊटरच्या फायरवॉलमध्ये अनुमती मात्र द्यावी लागते. आयपीव्ही६ च्या वापरात भारताची गणना आघाडीच्या देशांत होते. तथापि खेळ, सर्व्हर आणि समोरचा खेळाडू या सर्वांकडे ही सोय असेल तरच तिचा लाभ मिळतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, पोर्ट फॉरवर्डिंगमधील अपयशाचे कारण प्रत्येक वेळी वापरकर्त्याचे अज्ञान नसते. अनेकदा ते दाराची मालकी कोणाकडे आहे या प्रश्नात दडलेले असते. सामायिक पत्त्यामागील ग्राहक इंटरनेटवर जाऊ शकतो, पण इंटरनेट त्याच्यापर्यंत येऊ शकत नाही. तो वाचक व प्रेक्षक राहतो, यजमान होऊ शकत नाही. हा भेद खेळापुरता मर्यादित नाही. घरच्या संगणकावर प्रकल्पाचा सर्व्हर चालविणारा विद्यार्थी आणि प्रयोगाची नोंद दुरून पाहू इच्छिणारा प्राध्यापक यांनाही तोच अडसर जाणवतो. जोडणी घेताना वेग आणि दर यांच्याबरोबरच सार्वजनिक पत्ता व आयपीव्ही६ यांची विचारणा करणे म्हणूनच अगत्याचे आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात पत्ता-रूपांतरण शिकविताना, विद्यार्थ्यांना घरच्या राऊटरचे पृष्ठ उघडून त्यावरील पत्ता ओळखावयास सांगितल्यास, रूक्ष वाटणारा हा पाठ त्यांच्या अनुभवाचा भाग होऊ शकेल.