पांढऱ्या कपाटांमागे कोणती टाइल?

ओट्यामागच्या टाइलला मिस्त्री ‘डॅडो’ म्हणतो. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत ती साधारण २ फूट लागते. कपाटं पांढरी म्हणून टाइलही पांढरीशुभ्र घेतली, की पंचाईत. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाची धूळ खिडकीतून आत येते आणि फोडणीचा तेलकट थर तिला धरून ठेवतो. काळी टाइलही नको: राजुरा-कोरपन्याच्या चुनखडीच्या पट्ट्यात बोअरचं पाणी जड, नळामागचे पांढरे डाग काळ्यावर लांबून दिसतात. फिकट राखाडी, मातकट किंवा सागाच्या वाळत्या पानासारखा मळकट हिरवा रंग बरा. पृष्ठभाग मात्र गुळगुळीत.

खरी वैरीण हळद. ती टाइलवर नाही, सांध्यात बसते. म्हणून १ बाय २ फुटांची मोठी टाइल घ्या, सांधे कमी होतात. आणि त्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरा, महाग पडलं तरी. संगमरवराचा मोह आवरा, लिंबाच्या थेंबाने त्याची चकाकी जाते. दुकानातून नमुना घरी आणा, तेलात कालवलेली हळद रात्रभर लावून ठेवा, सकाळी पुसून बघा. आणि एक पेटी जास्तीची घ्या; पुढच्या लॉटची छटा सहसा जुळत नाही.