डबल शॉकअपची सायकल कमी पैशात हलकी कशी जुळवायची? पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे, वाचा सविस्तर

जून लागला, शाळा-कॉलेज सुरू झाले की तालुक्याच्या गावातल्या सायकल दुकानांपुढे पोरांची गर्दी होते. नजर असते जाड टायर, पुढे-मागे शॉकअप आणि डिस्क ब्रेक असलेल्या सायकलवर. घरचे दहा-पंधरा हजार मोजतात. दिवाळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच सायकली गोठ्याच्या भिंतीला टेकलेल्या दिसतात. विचारलं तर उत्तर एकच, "लई जड चालती."

दुसरीकडे काही पोरं खरोखर डोंगराच्या वाटांवर, घाटाच्या उतारावर सायकल चालवायला लागली आहेत. त्यांचा प्रश्न असा, की लाख-दीड लाखाची सायकल परवडत नाही, मग सुटे भाग घेऊन हलकी डबल शॉकअपची सायकल जुळवता येईल का? येते. पण पैसा योग्य जागी पडला पाहिजे.

स्वस्तातली डबल शॉकअप जड का असते?

दुकानातल्या स्वस्त सायकलची फ्रेम साध्या लोखंडी पाइपची असते. शॉकअप म्हणजे नुसती जाड स्प्रिंग. काट्यावर टांगली तर अशी सायकल १८ ते २० किलो भरते.

वजनाहून मोठी अडचण वेगळीच. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये तेल असतं. खड्ड्यात दाबलेली स्प्रिंग ते हळू परत येऊ देतं. स्वस्त सायकलच्या शॉकअपमध्ये तेलच नसतं. त्यामुळे सायकल घोड्यासारखी उसळते, आणि चढावर पायडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यात जातोय असं वाटतं.

आधी ठरवा, मागचा शॉकअप लागतो का?

रोज शाळेत जायचं, दूध घालायचं, डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यानं जायचं असेल तर मागच्या शॉकअपची गरज नाही. तेवढ्याच पैशात साधी किंवा फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल हलकीही मिळते आणि टिकतेही. दगडगोट्यांच्या वाटेनं वेगात उतरायचं असेल, तिथे मागचं चाक जमिनीला धरून राहायला हवं असेल, तरच पुढचं वाचा.

हा खेळ जुगाडातूनच आला

१९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत पोरांनी भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली उचलल्या आणि डोंगर उतारावर पळवायला सुरुवात केली. त्या इतक्या जड होत्या, की वर न्यायला बऱ्याचदा ट्रक लागायचा. उतरताना मागच्या हबमधला ब्रेक तापून ग्रीस जळायचं आणि दरवेळी नवं भरावं लागायचं. त्यावरून तिथल्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला.

कॅलिफोर्नियातलेच कारागीर कीथ बॉन्ट्रॅगर यांचं एक म्हणणं सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. मजबूत, हलकं आणि स्वस्त, या तिनातलं कोणतंही दोनच निवडा. आपल्याला पडून मान मोडायची नाही, म्हणून मजबुती सोडता येत नाही. पैसाही नाही. मग वाट उरते जुन्या, पण चांगल्या मालाची.

१. फ्रेम: जुनी घ्या, अॅल्युमिनियमची घ्या

पुणे, मुंबई, नाशिककडचे हौशी सायकलवाले दर काही वर्षांनी सायकल बदलतात. त्यांची हवेच्या शॉकअपसह जुनी अॅल्युमिनियम फ्रेम ही आपली खरी संधी. घेताना एवढं बघा:

- हँडलखालचा पाइप, पायडलजवळचा जोड आणि मागचे सांधे पुसून उन्हात बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती भेग समजा आणि परत या.
- अॅल्युमिनियमची फ्रेम ट्रॉलीच्या वेल्डिंगवाल्याकडे जोडू नका. ही फ्रेम कारखान्यात ठराविक तापमानावर भाजून कडक केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं ती जागा मऊ पडते आणि पुन्हा तुटते.
- मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखड झाली तर सांध्यातली बेअरिंग गेली. ती बदलता येतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. पंप-मोटारीची बेअरिंग विकणाऱ्या दुकानात तो दाखवला तर बरेचदा जुळतं.
- पायडलच्या दांड्याखाली फ्रेमचा नंबर असतो. तो खरवडलेला असेल तर माल चोरीचा असू शकतो. बिल मागा.

ऑनलाइन फार स्वस्तात दिसणारी बिननावाची कार्बनची फ्रेम किंवा हँडल घेऊ नका. कार्बन वाकत नाही, एकदम तुटतं.

२. मापं जुळवा, मगच पैसे द्या

सुटे भाग घेताना लोक इथेच अडकतात. फ्रेम हातात आली की आधी वहीत लिहा: मागच्या चाकाच्या हबची रुंदी (१३५, १४२ की १४८ मिलिमीटर), हँडलखालचा पाइप सरळ की खाली रुंद होणारा, सीटच्या दांड्याची जाडी (२७.२, ३०.९ की ३१.६), चाकाचं माप (२६, २७.५ की २९ इंच) आणि मागच्या शॉकअपची लांबी. सीटचा दांडा एक मिलिमीटर चुकला तरी बसत नाही.

३. वजन कुठून निघतं?

स्प्रिंगचा स्वस्त पुढचा चिमटा अडीच किलोच्या आसपास असतो, हवेचा दोनच्या आत मिळतो. मागे स्प्रिंगऐवजी हवेचा शॉकअप घेतला तर आणखी अर्धा किलो सहज निघतो.

नंतर चाकं. रिम आणि टायरवरचं वजन नुसतं ओढावं लागत नाही, फिरवावंही लागतं. वेग घेताना तिथला एक किलो जवळपास दोन किलोसारखा लागतो. म्हणून लोखंडी रिम नको. टायर तारेचा न घेता घडी होणारा घ्या.

पुढच्या तीन चक्र्यांऐवजी एकच ठेवा आणि मागे मोठ्या दातांची कॅसेट लावा. पुढचा गिअर, त्याची केबल, बटण सगळं गेलं. वजनही वाचलं, पैसाही वाचला.

जुळलेल्या सायकलचा हिशेब साधारण असा बसतो:

- फ्रेम व मागचा शॉकअप: ३.२ किलो
- पुढचा चिमटा: १.९
- दोन चाकं: २.१
- टायर-ट्यूब: १.८
- क्रँक, चेन, कॅसेट, गिअर: २.१
- ब्रेक: ०.९
- हँडल, सीट, दांडा: १.३
- पायडल: ०.४

बेरीज १३.७ किलो. म्हणजे दुकानातल्या सायकलपेक्षा पाच किलो कमी. याचा फायदा किती? चालवणारा ६५ किलोचा धरला तर आधी एकूण ८४ किलो चढावर न्यायचे, आता ७९. कष्ट सुमारे ६ टक्क्यांनी कमी. सायकल उडत नाही, पण तासाभराच्या घाटात मांड्यांना फरक कळतो.

४. पैशाची वाटणी

शंभर रुपये असतील तर ४० फ्रेम आणि मागच्या शॉकअपला, २० पुढच्या चिमट्याला, २० चाकं-टायरला, १० ब्रेकला आणि १० बाकी सगळ्याला. सीट, पायडल, हँडल घरच्या जुन्या सायकलचं चालत असेल तर चालवा. जास्त आऱ्यांचा गिअर पुढच्या वर्षी घेता येईल. ब्रेक मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नका. जुन्या सायकलचे ब्रेक पॅड नवे टाका, हायड्रॉलिक असेल तर तेल बदला. हेल्मेट या शंभरात धरलेलं नाही, ते वेगळं आणि आधी.

५. हवा भरल्याशिवाय काम पूर्ण नाही

हवेच्या शॉकअपला ट्यूबचा पायपंप चालत नाही. दाब शंभर-दोनशे पीएसआय लागतो आणि हवा अगदी थोडी. त्यासाठी शॉकअपचा छोटा हातपंप मिळतो. चार मित्रांत एक घेतला तरी पुरतो.

हवा किती भरायची? शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर रबराची रिंग असते, ती सीलला टेकवा. भिंतीला हात लावून, न उसळता, सावकाश सीटवर बसा आणि तसंच उतरा. रिंग जेवढी सरकली ते मोजा. मागच्या शॉकअपचा दांडा ५० मिलिमीटर दबणारा असेल तर १२ ते १५ मिलिमीटर सरकली पाहिजे. जास्त सरकली तर हवा भरा, कमी सरकली तर सोडा. पुढच्या चिमट्यात एकूण दबण्याच्या पाचवा ते चौथा भाग धरा. एवढं केलं नाही तर महागातला शॉकअपही स्वस्तातल्यासारखाच उसळतो.

पावसाळ्यात शॉकअपचा दांडा रोज फडक्यानं पुसा. चिखल सीलमध्ये गेला की दांड्यावर ओरखडे पडतात, हवा आणि तेल गळायला लागतं. गाडी धुण्याच्या प्रेशरचं पाणी सांध्यांवर मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

पालकांना एक सांगणं. पोरगं अशी सायकल मागत असेल तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच पैसेही काढू नका. आधी त्याला वरची मापं आणि भावाचा हिशेब वहीत लिहून आणायला सांगा. दुकानात गेलात तर सायकल काट्यावर टांगायला लावा. आपण कांद्याची गोणी वजन केल्याशिवाय देत नाही, मग सायकल तरी वजन न करता कशाला घ्यायची?