लेखांक सातवा : दोन दुर्गाबाई, दोन तारामती

'राजमुकुट' या नाटकातील दुर्गा खोटे यांच्या भूमिकेचे विवेचन या लेखांकासाठी योजले होते. तथापि निगडी प्राधिकरणातील एका वाचकाने पत्राने विचारलेली शंका इतकी मुळाला हात घालणारी आहे की, तिचा उलगडा झाल्याशिवाय त्या नाटकाकडे वळणे योग्य ठरणार नाही. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटात पार्वती झालेल्या दुर्गाबाई आणि 'मोगल-ए-आझम'मधील जोधाबाई साकारणाऱ्या दुर्गाबाई एकच का, आणि एकच असतील तर पडद्यावरची पहिली मराठी स्त्री त्यांनाच म्हणावे का, असा तो प्रश्न आहे. त्याचे सरळ उत्तर असे, की या दोन दुर्गाबाई वेगळ्या असून पहिलेपणाचा मान दुर्गा खोटे यांच्याकडे जात नाही.

फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला, तेव्हा तारामतीच्या वेषात अण्णा साळुंके हा पुरुष नट होता, कारण त्या भूमिकेसाठी कोणतीही स्त्री उभी राहण्यास तयार झाली नव्हती. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात, म्हणजे ध्वनीविना केवळ चित्र आणि पाट्यांच्या आधारे गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन कन्या कमलाबाई मोहिनी झाली. या मायलेकी नाटकाच्या बिऱ्हाडातून आलेल्या होत्या. पुढे कमलाबाई गोखल्यांच्या घरात गेल्या, चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. पहिलेपणाचा मान निर्विवादपणे या मायलेकींचा आहे, आणि नावाच्या साधर्म्यामुळे तो दुसऱ्या कोणाच्या पदरात पडणे हा त्यांच्यावर अन्याय होय.

दुर्गा खोटे यांचा जन्म १४ जानेवारी १९०५चा, म्हणजे 'मोहिनी भस्मासुर' तयार होत असताना त्या आठ वर्षांच्या होत्या. सॉलिसिटर असलेल्या लाड यांच्या सुखवस्तू घरात त्या वाढल्या, सेंट झेवियर महाविद्यालयात शिकल्या आणि खोटे कुटुंबात विवाह होऊन दोन मुलांच्या आई झाल्यावर, सासरची आर्थिक घडी विस्कटल्यामुळे, अर्थार्जनासाठी चित्रपटाकडे वळल्या. १९३१मधील 'फरेबी जाल'मधल्या छोट्या भूमिकेने त्यांच्या वाट्याला कीर्तीऐवजी टीकाच आली. त्यांना 'पहिली सुशिक्षित नटी' म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु या विशेषणात त्यांचे घराणे दिसते, कर्तृत्व दिसत नाही.

ते कर्तृत्व पाहायचे तर १९३२च्या 'अयोध्येचा राजा'कडे जावे लागते. कोल्हापुरात प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेला हा बोलपट, म्हणजे पात्रांचे बोलणे व गाणे ऐकू येणारा चित्रपट, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत झाला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका एका पुरुषाने मुक्याने केली होती, तीच भूमिका आता एका स्त्रीने स्वतःच्या आवाजात करावयाची होती. पार्श्वगायन, म्हणजे गाणे आधी दुसऱ्या गळ्यातून ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी नटाने केवळ ओठ हलवण्याची पद्धत, अद्याप रूढ झालेली नव्हती. त्यामुळे वादकांना कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसवून नटाने अभिनय करता करताच गावे लागे, आणि सूर चुकला तर सगळा प्रसंग पुन्हा घ्यावा लागे. मुलगा रोहिदास याच्या शवापाशी शोक करणारी तारामती मूकपटात हातवाऱ्यांनी दाखवता येत होती, बोलपटात मात्र तो शोक कंठातून यावा लागला. ध्वनिग्राहकाचा, म्हणजे मायक्रोफोनचा, एक फार मोठा परिणाम येथे लक्षात घ्यावयास हवा: शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, मंडळीत वर्षानुवर्षे कमावलेला पल्लेदार आवाज नसतानाही हळू, घरगुती स्वरात बोललेले वाक्य आता प्रेक्षकापर्यंत जाऊ लागले, आणि नाटकमंडळीचे संस्कार नसलेल्या स्त्रीसाठी अभिनयाचे दार त्यामुळेच उघडले.

स्वीडनची ग्रेटा गार्बो हीदेखील १९०५चीच, आणि तिच्याशी केलेली तुलना या संदर्भात उद्बोधक आहे. स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहाच्या शाळेत शिकून ती पडद्यावर गेली, मूकपटातील मुद्राभिनयाने जगप्रसिद्ध झाली आणि १९३०च्या 'अ‍ॅना ख्रिस्टी'मध्ये तिचा आवाज प्रथम ऐकू आला, तेव्हा 'गार्बो बोलते' हीच त्या बोलपटाची जाहिरात ठरली. १९४१नंतर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तिने काम थांबवले ते कायमचेच. दुर्गाबाईंचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे: रंगभूमीचे शिक्षण न घेता त्या थेट कॅमेऱ्यासमोर आल्या, पडद्यावर नाव झाल्यानंतर मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत उतरल्या, आणि १९८०च्या 'कर्ज'पर्यंत पडद्यावरही दिसत राहिल्या. नाव झालेल्या नटीने जिवंत प्रेक्षकांसमोर, जिथे चुकलेला प्रसंग पुन्हा घेता येत नाही तिथे, नव्याने उभे राहणे हे पडद्यावरच्या कोणत्याही यशापेक्षा मोठे धाडस होते, असे या लेखमालेचे मत आहे.

१९५४च्या 'राजमुकुट'ची, म्हणजे वि. वा. शिरवाडकर यांनी मराठीत आणलेल्या 'मॅक्बेथ'ची चर्चा याच सूत्राने पुढील आठवड्यात होईल. साहित्य संघाच्या त्या काळातील नाटकांच्या हस्तपत्रिका, म्हणजे प्रयोगाच्या वेळी वाटली जाणारी पात्रपरिचयाची पत्रके, ज्या वाचकांच्या घरी असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ न देता त्यांची छायाप्रत संपादकांकडे अवश्य पाठवावी.